रात्रीच्या पहाऱ्याचा हिशेब

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो पन्नाशी ओलांडलेला, सकाळी फिरायला निघालेला, जेवणात साखर वर्ज्य केलेला मध्यमवर्गीय गृहस्थ. या चित्राच्या आड एका निराळ्याच आजाराची उपेक्षा झाली आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह मुख्यतः मुलांना आणि तरुणांना गाठतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, त्या नष्ट करते, आणि तीन, सात वा बारा वर्षांचे मूल जन्मभर बाहेरून घ्यावयाच्या इन्सुलिनवर अवलंबून राहते. मुलाने गोड फार खाल्ले म्हणून हा आजार होत नाही आणि आईने पोषणात काही कमी केले म्हणूनही होत नाही. इन्सुलिन पूर्णपणे तुटले तर काही दिवसांतच मृत्यू, ही या आजाराची अट आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे वीस वर्षांखालील अशी सुमारे २ लाख २९ हजार मुले-मुली भारतात होती. जगातील कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. एवढ्या मुलांच्या प्रश्नाला आपल्या राजकारणात जागा नसावी, हे आश्चर्य नव्हे काय?

या मुलांसाठी आता एक नवे यंत्र उपलब्ध झाले आहे. इन्सुलिन किती द्यावे याचा निर्णय ते स्वतः घेते आणि स्वतःच ते देते. पुढारलेल्या देशांत ते सरकारी खर्चाने मुलांच्या अंगावर चढू लागले आहे. आपल्याकडे ते विकत मिळते, म्हणजे ज्याला परवडते त्याला मिळते. समाजवादी कार्यकर्त्याने या यंत्राकडे कसे पाहावे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. वैद्यकाची बाजू वैद्यांनी सांगावी. अर्थशास्त्राच्या एका जुन्या अध्यापकाला त्यातली हिशेबाची बाजू तेवढी मांडायची आहे, कारण हा हिशेब आजवर चुकीच्या वहीत लिहिला गेला आहे असे त्याचे मत आहे.

प्रथम आजाराचे स्वरूप पाहू. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, आणि तोवर केवळ मरणाची वाट पाहणारी मुले जगू लागली. त्या शोधाचे एकस्व संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एकेक डॉलरला देऊन टाकले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु इन्सुलिनने मूल जगते म्हणजे त्याचा प्रश्न सुटतो असे नाही. मात्रा थोडी जास्त झाली तर रक्तातील साखर उतरते, मूल घामाघूम होते, बरळू लागते, त्याला झटके येतात, ते बेशुद्ध पडते. मात्रा कमी पडली तर साखर चढते, रक्तात आम्ले साठतात आणि अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा जातात. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाने हे निर्विवाद सिद्ध केले की साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तर हे दूरचे अपाय मोठ्या प्रमाणात टळतात. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की काटेकोरपणा जितका वाढवावा तितकी साखर एकाएकी उतरण्याची भीतीही वाढते. निरोगी शरीर हा तोल क्षणोक्षणी, आपल्या नकळत सांभाळते. ज्या घरात असे मूल आहे तेथे तो तोल कोणीतरी जागे राहून सांभाळावा लागतो.

हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे सांगण्याची गरज नाही. आमच्या गास गावाच्या एखाद्या वाडीतले घर डोळ्यांसमोर आणावे. गास, नाळे, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात शेती-बागायत अजून तग धरून आहे, पण घर चालते ते बहुधा मुंबईच्या नोकरीवर किंवा वसई पूर्वेच्या कारखान्यांतील पाळीवर. समजा, त्या घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि तिला हा आजार झाला. दिवसातून चार वेळा सुई टोचायची, सहा-सात वेळा बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर घ्यायचा, भाताचा प्रत्येक घास मोजायचा. मुलगी खेळली तर मात्रा कमी, ताप आला तर मात्रा निराळी. आणि रात्री? झोपेत साखर उतरली तर तीन वर्षांचे मूल सांगणार कसे? म्हणून आई रात्री उठते, दिवा न लावता बोट टोचते, आकडा पाहते, गरज पडली तर साखरेचे पाणी पाजते आणि आकडा वर येईपर्यंत उशाशी बसून राहते.

आपण हिशेब करू. ती रात्री दोनदाच उठते आणि दर वेळी अर्धाच तास जाते असे धरले, तर वर्षाला ३६५ तास होतात. मुलगी तीन वर्षांची असल्यापासून अठरा वर्षांची होईपर्यंत ५,४७५ तास. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर ६८४ दिवस, म्हणजे एकही सुट्टी न घेता जवळजवळ दोन वर्षांची पाळी. ही पाळी रात्रीची आहे, तिच्यामागून दिवसाची पाळी सुटत नाही, आणि तिचे हजेरीपत्रक कोठेही नाही. शाळेत इन्सुलिन देणारे कोणी नसेल तर मधल्या सुट्टीत शाळेच्या दारातही तिलाच उभे राहावे लागते. बाहेरची नोकरी सोडावी लागली तर ती तिचीच सुटते.

पिगू या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक गमतीचे उदाहरण दिले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकीणबाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण काम तेच राहते पण पगार बंद होतो. वर्गात या उदाहरणावर विद्यार्थी हसत असत. विद्यार्थिनी कमी हसत. १९२० पासून आजवर राष्ट्रीय उत्पन्नाची ती वही फारशी बदललेली नाही. २०२४ सालच्या केंद्र सरकारच्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. सरकारच्या एका खात्याने हे मोजले खरे, परंतु सरकारचे दुसरे खाते जेव्हा एखाद्या वैद्यकीय साधनाची 'परवडण्याची क्षमता' ठरवते, तेव्हा या मिनिटांना त्यात शून्य किंमत असते. यंत्राची किंमत रुपयांत लिहिली जाते. आईच्या जागरणाची किंमत लिहिलीच जात नाही, म्हणून ती फुकट आहे असे गृहीत धरले जाते. मग यंत्र महाग वाटणे स्वाभाविकच आहे.

आता यंत्राकडे वळू. त्याचे तीन भाग आहेत. त्वचेखाली बसवलेला एक बारीक संवेदक दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसातून २८८ वेळा, साखरेचे प्रमाण टिपतो. कमरेला अडकवलेला छोटा पंप बारीक नळीवाटे त्वचेखाली इन्सुलिन सोडतो. या दोहोंच्या मध्ये एक गणित असते. साखर कोणत्या दिशेने व किती वेगाने चालली आहे हे पाहून ते पंपाला पुरवठा वाढवण्याची, कमी करण्याची वा थांबवण्याची आज्ञा देते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा पहिला संच सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर केला. त्याला पूर्ण स्वयंचलित म्हणता येत नाही, कारण जेवणापूर्वी काय व किती खाणार हे बहुतेक संचांना अजूनही सांगावे लागते. परंतु रात्री कोणी जेवत नाही. रात्र हेच या यंत्राचे खरे कार्यक्षेत्र आहे.

त्याने काय साधते याचे पुरावे उपलब्ध आहेत. एक ते सात वर्षांच्या ७४ मुलांवर युरोपात झालेल्या आणि २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेले गणित वापरले गेले होते. त्या मुलांची साखर योग्य मर्यादेत राहण्याचा काळ, नुसता पंप व संवेदक वापरण्याच्या तुलनेत, दिवसाला सुमारे १२५ मिनिटांनी वाढला, आणि साखर फार उतरण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही. म्हणजे १९९३ च्या अभ्यासात जो पेच दिसला होता, काटेकोरपणा हवा तर भीती सोसा, तो पेच हे यंत्र बऱ्याच अंशी सोडवते. आई-बापांना झोप मिळते हा लाभ वेगळाच.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो आपल्याच साथींकडून येईल. आपला पालघर जिल्हा म्हणजे काही केवळ वसई-विरार नव्हे. याच प्रदेशात जव्हारजवळच्या वावर-वांगणीत १९९२ साली आदिवासी बालके कुपोषणाने दगावली, आणि कुपोषणाचा प्रश्न आजही संपलेला नाही. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील मूल सतत लघवीला जाते, सुकत जाते, धापा टाकू लागते, आणि हा मधुमेह आहे हे ओळखले जाण्यापूर्वीच ते जाऊ शकते. जेथे निदानच होत नाही, तेथे लाखो रुपयांच्या पंपाची चर्चा करणे ही चैन नव्हे काय?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातला क्रमाचा आग्रह मला मान्य आहे. आधी निदान, मग अखंड इन्सुलिन, मग पुरेशा पट्ट्या, मग संवेदक, मग पंप, अशा पायऱ्या आहेत. खालची पायरी न बांधता वरची बांधता येत नाही. परंतु 'आधी खालची पायरी' या वाक्याचा उपयोग आपल्याकडे खालची पायरी बांधण्यासाठी क्वचितच होतो. बहुधा तो वरची पायरी गरिबाला नाकारण्यासाठी होतो, आणि खालची तशीच पडून राहते. श्रीमंताचे मूल मात्र जिना सोडून थेट वरच्या मजल्यावर जाते. शिवाय, ज्या व्यवस्थेला मोखाड्यात मूल ओळखून त्याच्यापर्यंत दरमहा इन्सुलिन पोचवता येते, तीच व्यवस्था उद्या त्याला संवेदकही पोचवू शकेल. नोंद, शीतसाखळी, प्रशिक्षित परिचारिका, सरकारी खरेदी या चारही गोष्टी दोन्ही पायऱ्यांना समान आहेत. म्हणून या मागण्या परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. एकाच कार्यक्रमाचे ते दोन टप्पे आहेत आणि दोन्ही एकाच कागदावर लिहिले पाहिजेत.

आता किमतीचे अर्थशास्त्र. ह्यूमन इन्सुलिनची बाटली मूल्यनियंत्रणाखाली आहे आणि ती शेकड्यांच्या भाषेत मिळते. पट्ट्यांचा खर्च मात्र तिच्याहून भारी पडतो. एका पट्टीला वीस रुपये धरले आणि दिवसाला सहा पट्ट्या, तर महिन्याला ३,६०० रुपये झाले. संवेदक जोडला की खर्च आणखी वर जातो. संचाची किंमत लाखांत आहे आणि ती एकदाच देऊन भागत नाही. संवेदक एक-दोन आठवड्यांनी बदलावा लागतो, पंपाची नळी व सुई दोन-तीन दिवसांनी. अर्थशास्त्राच्या भाषेत स्थिर खर्च मोठा आहे, पण कुटुंबाला मोडतो तो आवर्ती खर्च. एका कंपनीच्या पंपाला बहुधा तिचीच नळी व तिने ठरवलेलाच संवेदक चालतो. एकदा पंप घेतला की ग्राहक त्या कंपनीशी बांधला गेला. कंपनीने धंदा आवरला तर काय होते हेही जगाने पाहिले आहे. जॉन्सन अँड जॉन्सनने २०१७ साली अ‍ॅनिमास हा आपला पंपाचा व्यवसायच बंद केला, आणि ते पंप वापरणाऱ्या हजारो रुग्णांना दुसरीकडे वळावे लागले.

याच कारणाने दानधर्माचा मार्गही येथे तोकडा पडतो. एखाद्या संस्थेने वा उद्योगसमूहाने समारंभ करून दहा मुलांना पंप वाटले, छायाचित्रे निघाली, तरी सहा महिन्यांनी नळ्या संपल्या की पंप कपाटात जातो आणि आई पुन्हा रात्री उठू लागते. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभ्या केलेल्या ड्रीम ट्रस्टसारख्या संस्थांनी गरीब मुलांना वर्षानुवर्षे मोफत इन्सुलिन पुरवून जीव वाचवले आहेत. त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण हा भार स्वयंसेवी संस्थांनी वाहावा लागणे हीच सरकारच्या गैरहजेरीची पावती आहे. आवर्ती खर्चाला आवर्ती उत्पन्नाचाच आधार लागतो, आणि समाजाचे आवर्ती उत्पन्न म्हणजे कर.

मग कंपन्यांच्या किमती अटळ आहेत काय? तसे मानण्याचे कारण नाही. या यंत्राचा मेंदू म्हणजे ते गणित. अमेरिकेत डॅना लुईस या स्वतः हा आजार असलेल्या तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कंपन्यांची वाट पाहण्याचे नाकारले. बाजारातल्याच संवेदकाला व पंपाला जोडणारे गणित त्यांनी स्वतः लिहिले आणि २०१५ साली त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. आपल्यासारखे आम्हीही थांबणार नाही, असे म्हणत जगभरचे रुग्ण व पालक त्यात सामील झाले. न्यूझीलंडमध्ये मुले व प्रौढ मिळून ९७ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अशा खुल्या गणितावर चालणारे संचही सुरक्षित व परिणामकारक असल्याचे दिसले. जानेवारी २०२३ मध्ये तर रुग्णांच्या या चळवळीतूनच जन्मलेल्या एका प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. म्हणजे यंत्राचा जो भाग सर्वांत गूढ भासतो, त्याच्या ज्ञानावर कोणाची मक्तेदारी उरलेली नाही. आता उरला तो प्लास्टिक, धातू, विद्युतघट आणि संवेदकाची रसायने यांचा खर्च, आणि त्यावर चढवलेला नफा.

कारखान्याच्या मालाची विक्रीकिंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असे डॉ. लोहिया सांगत. ते केवळ साखर-कापडापुरते नव्हते. ज्या वस्तूवाचून मूल जगू शकत नाही, तिला हे तत्त्व प्रथम लागू केले पाहिजे. आणि हे होऊ शकते याचे दाखलेही आपल्यासमोर आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या धमनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्राने मर्यादा घातली. त्यापूर्वी लाखाच्या पुढे जाणारा औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. उत्पादक देश सोडून जातील अशी भीती तेव्हा घालण्यात आली होती. स्टेंट आजही मिळतात. २०२० च्या एप्रिलपासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लुकोमीटर व पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. पण कर कमी करणे आणि किंमत बांधणे यांत फरक आहे. कर कमी झाला तरी मूळ किंमत उत्पादकच ठरवतो.

'जन्मभराचे औषध सरकारने कसे पुरवायचे?' हा प्रश्नही नवा नाही. एड्सच्या औषधांबाबत तो याच शब्दांत विचारला जात होता. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. १९७० च्या एकस्व कायद्याने भारतीय औषधनिर्मितीला मोकळीक दिली होती म्हणूनच ते शक्य झाले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला आरंभ केला आणि आज लक्षावधी रुग्ण जन्मभराच्या औषधावर सरकारी खर्चाने जगत आहेत. देश त्यामुळे दिवाळखोर झाला नाही. हिमोफिलिया, थॅलॅसेमिया व सिकलसेल हे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट झाले. पहिल्या प्रकारचा मधुमेह त्या यादीत नाही.

केरळने याबाबत पुढचे पाऊल टाकले आहे. तेथील सामाजिक सुरक्षा मिशनने २०१८ साली 'मिठाई' नावाची योजना सुरू केली. गोडाला पारख्या झालेल्या मुलांच्या योजनेला हे नाव देण्यात एक माया आहे. तीत इन्सुलिन, साधने, समुपदेशन आणि निवडक मुलांना पंपही सरकारकडून मिळतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने तर २०२४ च्या एप्रिलपासून पाच वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला आणि हे यंत्र ज्यांना द्यायचे त्यांत अठरा वर्षांखालील सर्व मुलांचा समावेश केला. मात्र त्याआधी एक अट घातली. कंपन्यांनी मान्य होईल अशी किंमत सरकारशी ठरवली पाहिजे. एकेकट्या बापाने दुकानात जाऊन घासाघीस करणे आणि सर्व मुलांच्या वतीने सरकारने एकच मोठा ग्राहक म्हणून बोलणी करणे, यातला फरक बाजाराच्या भक्तांनाही समजावा.

महाराष्ट्रात स्थिती काय आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. परंतु तिची रचनाच मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांची आहे. रोजची सुई, रोजची पट्टी, महिन्याचा संवेदक तिच्या चौकटीत बसत नाहीत. म्हणजे पट्ट्यांअभावी मूल बेशुद्ध होऊन खाटेवर पडले तर सरकार खर्च करील, पण ते पडू नये म्हणून करणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले. पण नालासोपाऱ्याच्या बापाला मुलीच्या तपासणीसाठी गर्दीची लोकल धरून, दिवसाची मजुरी बुडवून, परळच्या वाडिया रुग्णालयापर्यंत जावे लागत असेल तर तो खर्च कोणत्या रकान्यात मांडायचा?

यंत्राविषयी अंधश्रद्धाही नको. पंपात केवळ लवकर परिणाम करणारे इन्सुलिन असते. नळी तुंबली किंवा सुई निघाली तर काही तासांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून घरात सुई व बाटली ठेवावीच लागते आणि ती वापरण्याचे शिक्षण आधी द्यावे लागते. विजेचाही प्रश्न आहे. जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते आणि अनेक वस्त्या अंधारात होत्या. अशा वेळी इन्सुलिन थंड ठेवायला मातीचे ओले मडके उपयोगी पडते, पण पंपाचा विद्युतघट मडक्यावर चालत नाही. ज्याला रात्री फोन करता येईल अशी प्रशिक्षित परिचारिका तालुक्यात नसेल, तर लाखाचे यंत्र देऊनही आईची भीती जाणार नाही. यंत्र माणसाची जागा घेत नाही. माणसाच्या श्रमाचा सर्वांत जाचक भाग तेवढा उचलते, आणि तो उचलला जावा यासाठी त्याच्यामागे दुसरी माणसे, पगारी व शिकलेली, उभी करावी लागतात.

या विवेचनातून पुढील मागण्या निघतात असे मला वाटते.

पहिली: आशा कार्यकर्त्या व शालेय आरोग्य तपासणी यांच्यामार्फत पालघर जिल्ह्यातील अशा प्रत्येक मुलाची नोंद व्हावी. सतत लघवी, अतिशय तहान व झपाट्याने घटणारे वजन दिसताच बोटातील रक्ताची साखर तपासण्याची सोय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी.

दुसरी: इन्सुलिन, सुया व दिवसाला किमान सहा पट्ट्या प्रत्येक मुलाला विनामूल्य व घराजवळ मिळाव्यात. वसईत महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय ही त्याची केंद्रे होऊ शकतात.

तिसरी: सात वर्षांखालील मुले आणि ज्यांची साखर वारंवार धोकादायकरीत्या उतरते अशी मुले यांना संवेदक, व पुढच्या टप्प्यात स्वयंचलित संच, त्याच्या आवर्ती साहित्यासह सरकारने द्यावा. खरेदी २०२३ साली स्थापन झालेल्या राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत एकत्रितपणे व्हावी, आणि एका कंपनीचे साहित्य दुसरीच्या यंत्राला चालावे ही निविदेची अट असावी.

चौथी: पट्ट्या, संवेदक व पंपाच्या नळ्या यांच्या किमती केंद्राने स्टेंटप्रमाणे बांधाव्यात.

पाचवी: खुल्या गणितावर आधारलेला स्वस्त संच देशात बनवण्याचे काम सार्वजनिक संस्थांवर सोपवावे. पवईच्या आयआयटीत वैद्यकीय उपकरणांचे केंद्र २०१४ पासून राज्याच्याच मदतीने उभे आहे. १९५४ साली पिंपरीत सार्वजनिक क्षेत्रात पेनिसिलिनचा कारखाना उभारण्याची हिंमत ज्या गरीब देशाने दाखवली, त्याला आज हे अशक्य म्हणता येणार नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावात, प्रभागात अशी किती मुले आहेत, त्यांच्या पट्ट्यांना महिन्याला किती पैसे जातात, रात्री कोण उठते, कोणाची नोकरी सुटली, शाळा मुलाला वर्गात सुई घेऊ देते की नाही, याची साधी पाहणी एका महिन्यात होऊ शकते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना पत्र लिहून शाळांनी या मुलांना तपासणी, इन्सुलिन व मधले खाणे यांची मुभा द्यावी असे सांगितले आहे. ते पत्र आपल्या शाळांच्या मुख्याध्यापकांपुढे कोणी ठेवले आहे काय? मुलीच्या बाबतीत घरे हा आजार लपवतात, कारण पुढे लग्नाची चिंता असते. तेथे शब्द जपून वापरावे लागतील, आणि हे काम आपल्या महिला कार्यकर्त्याच अधिक चांगले करतील. जमलेले आकडे नावे गाळून महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या सभेत आणि जिल्हा परिषदेत मांडावेत.

त्या पाहणीच्या तक्त्यात एक रकाना मात्र विसरू नये. इन्सुलिन, पट्ट्या, प्रवास यांच्या रकान्यांच्या शेजारी 'जागरणाचे तास' असा एक रकाना आखावा. अधिकारी विचारतील, याची रक्कम किती धरायची? त्यांना सांगावे की रात्रपाळीच्या परिचारिकेला सरकार जो दर देते तोच धरा. तो दर धरून बेरीज केली की स्वयंचलित यंत्र महाग की स्वस्त, याचे उत्तर त्यांच्याच कागदावर उमटेल. आजवर ते उत्तर महाग असे येत राहिले, कारण बेरजेतला सर्वांत मोठा आकडा एक बाई अंधारात, हिशेबाबाहेर, एकटीच फेडत होती.